विषय चौदा, जागेअभावी

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला 'स्थानिक प्रशासन आणि सार्वजनिक वित्त' नावाचा एक पेपर असतो. तो आपणहून कोणी घेत नाही. सिनेमा, खेळ आणि गुन्हेगारी यांच्या जागा भरल्या की जे उरतात त्यांच्या गळ्यात तो पडतो. प्रवेशाच्या रांगेत मी शेवटी उभी होते. पहिल्याच तासाला आमच्या मॅडम म्हणाल्या, "नगरपालिकेचा पैसा म्हणजे तुमचाच पैसा." वर्गात कोणाच्याही चेहऱ्यावर श्रीमंत झाल्याचा आनंद दिसला नाही.

पुढे एका सत्रासाठी मला शहरातल्या दैनिकात शिकाऊ म्हणून पाठवलं. दैनिकाचं कार्यालय टायरच्या दुकानावर होतं, त्यामुळे तिथल्या सगळ्या बातम्यांना रबराचा वास यायचा. नगरपालिकेच्या बातम्या इतकी वर्षं एकच गृहस्थ करत आले होते आणि त्यांना सगळे 'ज्येष्ठ' म्हणत. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नगरपालिकेचा जिना त्यांना बंद झाला आणि ते काम माझ्याकडे आलं. जाताना त्यांनी मला आपल्या कारकिर्दीचं सार सांगितलं. "सभेत ऐकण्यासारखं काही नसतं. विषयपत्रिका घ्यायची, प्रत्येक विषयापुढे 'मंजूर' लिहायचं, चहा प्यायचा आणि यायचं."

मी नवी होते, म्हणून ऐकायला गेले.

नगरपालिकेच्या सभागृहात पत्रकारांसाठी एक लाकडी बाक आहे. त्याच्या डाव्या टोकाला एक खिळा वर आलेला आहे. अंदाजपत्रकात दरवर्षी 'पत्रकार कक्षातील आसनव्यवस्थेची दुरुस्ती' अशी तरतूद असते. ती दरवर्षी मंजूर होते आणि खिळा दरवर्षी थोडा आणखी वर येतो. तरतूद आणि खर्च यांत फरक काय, हे मॅडमनी दोन तास घालून समजावलं होतं. खिळ्याने ते एका बसण्यात समजावलं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि वर जेवणाऱ्यांनी ढेकर देऊन आभार मानायचे, याला अंदाजपत्रक म्हणतात.

ती अंदाजपत्रकाचीच सभा होती. अध्यक्ष उंच खुर्चीत बसले होते. त्यांच्या खाली सचिव बसले होते आणि त्यांच्यासमोर कोरा कागद होता. तो शेवटपर्यंत कोरा राहिला, हे मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. सदस्य एकमेकांकडे तोंड करून बसले होते आणि गाड्या लावायला जागा मिळत नाही यावर सगळे एकाच वेळी बोलत होते. त्या गलक्यात सचिव विषयाचा फक्त क्रमांक वाचायचे आणि अध्यक्ष "मंजूर" म्हणायचे. विषय एक, मंजूर. विषय दोन, मंजूर. शहराचं वर्षभराचं पाणी, दिवे आणि गटारं चहा थंड व्हायच्या आत मंजूर झाली.

विषयपत्रिकेत चौदावा विषय असा होता: 'बाजार परिसरातील जुन्या इमारतीचा सुयोग्य पुनर्वापर'. पुनर्वापर सुयोग्यच असणार, त्याला कोण नाही म्हणेल? पण मी पत्रिकेला जोडलेली टिपणंसुद्धा वाचत होते, कारण वाचू नये असं मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या पानावर इमारतीचा नकाशा होता. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात हात धुवायची मोरी. त्या मोरीवर मी शाळेतून येताना रोज पाय धुतले आहेत. तो आमच्या मावशीचा दवाखाना होता. टिपणाप्रमाणे तो पाडून तिथे पालिकेच्या गाड्या लागणार होत्या.

"विषय चौदा," सचिव म्हणाले.

"मंजूर," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी बिस्किट उचललं.

आता मावशीबद्दल सांगते. आई-बाबा दूरच्या गावी नोकरीला, त्यामुळे शाळेपासून मी मावशीकडे वाढले. ती नगरपालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहे. तिथे डॉक्टर येतात तेव्हा येतात, मावशी असतेच. बाजारातल्या बायका, हमाल, भाजीवाले, त्यांची पोरं, सगळ्यांच्या दंडाला मावशीची सुई माहीत आहे. ती स्वभावाने प्रेमळ वगैरे अजिबात नाही. रांग मोडणाऱ्याला ती असं काही बोलते की त्याचा ताप तिथेच उतरतो. पण सुई टोचताना मात्र, समोर लहान असो की मोठा, एकच वाक्य म्हणते: "दुखणार नाही." आणि दुखतं. आमच्या गावात खोटं बोलण्याचा पहिला अनुभव माणसाला मावशीकडून मिळतो.

दवाखाना गेला तर मोठं रुग्णालय हमरस्त्याच्या पलीकडे. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात आणि तिथे पोचल्यावर कळतं की केसपेपरची खिडकी बंद झाली. मावशीची बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर होणार होती. सभेनंतर घरी जाऊन मी तिला हे सांगितलं. "माणसं जगवायची सोडून नुसती मोजत बसू?" असं ती म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही, आणि मावशीने न जेवणं म्हणजे आमच्या घरात आणीबाणी.

मी बातमी लिहिली. महत्त्वाचं पहिल्यांदा, असं मॅडम सांगतात, म्हणून दवाखाना पहिल्या परिच्छेदात लिहिला. संपादकांना हेही सांगितलं की तिथली परिचारिका माझी सख्खी मावशी आहे. लपवाछपवी नको.

"मग तर ते वर नकोच," संपादक म्हणाले. "लोक म्हणतील, घरचं गाऱ्हाणं पहिल्या ओळीत. शेवटी घे."

"पण सर, बातमी तीच आहे."

"बातमी कुठेही असली तरी बातमीच असते," ते म्हणाले. या वाक्यात काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं, पण ते संपादक होते आणि मी शिकाऊ. दवाखाना शेवटच्या परिच्छेदात गेला. सुरुवातीला मी सभागृहाचं वर्णन टाकलं, कारण मॅडम म्हणतात की वाचकाला तिथे नेऊन बसवा: 'सभागृहातील पंखा फिरत होता, मात्र वारा येत नव्हता.' ते वाक्य मला फार आवडलं होतं.

संध्याकाळी उशिरा एक जाहिरात आली. अध्यक्षांचा दुसऱ्या दिवशी वाढदिवस होता. पालिकेची कामं घेणाऱ्या कंत्राटदाराने शुभेच्छा दिल्या होत्या, हात जोडलेल्या फोटोसह. जाहिरातीला जागा हवी होती. पानं लावणारे बातमी खालून कापतात. हा त्यांचा धर्म आहे आणि तो ते निष्ठेने पाळतात. सकाळी अंक उघडला तर पंखा होता, तेरा विषय होते, आणि चौदाव्याच्या जागी अध्यक्ष हसत होते.

मी अंक घेऊन तडक संपादकांकडे गेले. "सर, दुरुस्ती छापायला हवी. चौदावा विषय मंजूर झाला आणि आपण तो दिलाच नाही."

"छापू. उद्या बघू."

दैनिकात 'उद्या' हा शब्द फार सावधपणे वापरायचा असतो, कारण दुसऱ्या दिवशी खरोखरच अंक निघतो. संपादक तो बिनधास्त वापरत. मी रोज विचारत राहिले आणि ते रोज उद्या बघत राहिले.

दरम्यान मावशी दवाखाना रिकामा करायच्या हुकुमाची वाट बघत होती. तिने औषधाची कपाटं आवरली, जुने तक्ते भिंतीवरून काढले, पोरांचं वजन करायचा काटा पुसून एका चादरीत गुंडाळून ठेवला. हुकूम काही येईना. मग कोणाचं तरी बाळ वजनाला आलं, काटा बाहेर निघाला आणि पुन्हा चादरीत गेला नाही. पुढच्या महिन्याची सभाही झाली. 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा पहिलाच विषय होता. अध्यक्ष "मंजूर" म्हणाले. इतिवृत्त म्हणजे सभेत काय घडलं आणि काय ठरलं याची सरकारी नोंद. ती एकदा कायम झाली की तिच्यात नाही ते घडलंच नाही, असं कायदा म्हणतो.

मला कॉलेजच्या प्रकल्पासाठी त्या इतिवृत्ताची प्रत हवी होती. मी सचिवांच्या खोलीत गेले. सचिव सज्जन माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि प्रत हातात ठेवली. पहिलीच ओळ अशी होती:

'सभागृहातील पंखा फिरत होता, मात्र वारा येत नव्हता. सर्वानुमते मंजूर.'

मी ते परत वाचलं. मग पुढचं वाचलं. वाक्यं माझी होती, स्वल्पविरामसुद्धा माझे होते. विषय तेरापर्यंत सगळं होतं, आणि मग सचिवांची सही. टेबलाच्या कोपऱ्यात आमच्या अंकाचं कात्रण पेपरवेटखाली दाबून ठेवलेलं होतं.

"साहेब, हे तर मी लिहिलंय."

"मग?" सचिव म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज नव्हती आणि घाईही नव्हती. "सभेत ऐकू काय येतं, तुम्हीच सांगा. अध्यक्ष तिकडे बोलतात, सदस्य तिकडे बोलतात. मी लिहायचं काय? मी नोकरीला लागलो तेव्हा आधीच्या सचिवांनी सांगितलं, पेपर वाच. तेव्हापासून ज्येष्ठ लिहितात आणि मी उतरवतो. कधी तक्रार नाही. तुमची भाषा मात्र त्यांच्यापेक्षा चांगली आहे हं. तो पंखा मला आवडला."

मला हसावं की रडावं ते कळेना. ज्येष्ठ सभेत न ऐकता विषयपत्रिकेवरून बातमी लिहायचे. सचिव सभेत न लिहिता बातमीवरून इतिवृत्त लिहायचे. सदस्य इतिवृत्त न वाचता कायम करायचे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असं ऐकलं होतं. इथे दळण्याचीसुद्धा तसदी कोणी घेतली नव्हती. आणि या सगळ्या व्यवस्थेत एका शिकाऊ मुलीने जाऊन कान उघडे ठेवले, एवढाच काय तो बिघाड झाला होता.

जिन्यावरून उतरताना माझ्या लक्षात आलं की चौदावा विषय आता कुठेच नाही. अध्यक्षांच्या वाढदिवसाने अध्यक्षांचाच ठराव गिळला होता. दवाखाना वाचला होता. त्या दिवसापासून मी संपादकांना दुरुस्तीचं विचारणं बंद केलं. मला फार आनंद झाला आणि त्या आनंदाची थोडी किळसही आली. दोन्ही एकाच वेळी होतं, हे मॅडमनी शिकवलेलं नव्हतं.

घरी येऊन मी मावशीला सगळं सांगितलं. मावशी पोट धरून हसली. मग म्हणाली, "पंख्याचं वाक्य तुझं? चांगलं आहे." त्या रात्री ती दोनदा जेवली.

आनंद फार टिकला नाही. एका सकाळी कंत्राटदाराची माणसं फीत घेऊन दवाखान्याची मापं घ्यायला आली. मावशीने त्यांना रांगेत उभं केलं, कारण तिच्या व्हरांड्यात येणाऱ्याने रांगेत उभं राहायचं असतं, आणि नंबर आल्यावर विचारलं, "ठरावाची प्रत?" त्यांच्याकडे नव्हती. ते सचिवांकडे गेले. सचिवांनी इतिवृत्त उलटंपालटं करून पाहिलं, पंखा सापडला, चौदावा विषय सापडला नाही. अध्यक्षांना विचारलं, त्यांना मंजूर केल्याचं अंधुक आठवत होतं, पण त्यांना सगळंच मंजूर केल्याचं अंधुक आठवायचं. सदस्यांना विचारलं, त्यांना गाड्यांची जागा आठवत होती. गाड्यांच्या जागेचाच तो विषय होता, आणि ते त्या विषयाच्या डोक्यावरून ओरडत होते.

मग सचिवांना आठवलं की सभेत ऐकणारं एक माणूस होतं. अध्यक्षांनी संपादकांना आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला बोलावलं.

संध्याकाळी मावशी भांडी घासत होती आणि मी पुसत होते.

"काय सांगणार आहेस?" तिने विचारलं.

"जे झालं ते."

"म्हणजे माझा दवाखाना पाडा, असं."

"मावशी, विषय मंजूर झाला. मी ऐकलाय."

"तू एकटीने ऐकलायस. बाकी सगळे बहिरे होते. तू पण हो एक दिवस." तिने कढई माझ्या हातात आदळली. "खरं बिरं कॉलेजात ठेव. आम्ही रोज सुई टोचतो आणि म्हणतो, दुखणार नाही. कोणाचं वाईट झालंय त्याने? पोरं वाचतात. तुझ्या एका 'नाही'ने किती जण वाचतील, हिशोब कर ना. शिकतेयस ना हिशोब?"

मी कढई पुसत राहिले. मावशीचं चूक आहे असं मला मनापासून वाटत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. ज्या बाईने मला वाढवलं तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि तेही फुकटचं, एक शब्द.

रात्रभर तळमळून सकाळी मी अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. खुर्च्या मऊ होत्या, त्यांना खिळा नव्हता. संपादक माझ्या बाजूला बसले होते आणि छताकडे बघत होते. सचिव उभे होते.

"बाळ," अध्यक्ष म्हणाले, "तू हुशार आहेस असं ऐकलं. विषय चौदा मंजूर झाला होता की नाही?"

"झाला होता," मी म्हणाले.

एवढं बोलायला मला जो वेळ लागला त्यात माझ्या डोळ्यांसमोर तो वजनाचा काटा होता. तोंडातून शब्द गेला आणि मला खरंच रडू आलं. ते मी गिळलं.

अध्यक्ष प्रसन्न झाले. "बघा. खरं बोलणारी माणसं आहेत अजून. संपादकसाहेब, मग एक छोटी दुरुस्ती टाकून द्या. 'विषय चौदाही मंजूर झाला होता, नजरचुकीने राहिला.' आमचे सचिव त्यावरून इतिवृत्त दुरुस्त करतील."

"टाकतो," संपादक म्हणाले. ते पहिल्यांदाच 'उद्या' म्हणाले नाहीत.

"दुरुस्ती मी लिहिते," मी म्हणाले. "बातमी माझी होती." आणि टेबलावरच्या कागदावर तिथेच लिहून अध्यक्षांसमोर ठेवली. लिहिलेलं सगळं खरं होतं. ते असं होतं:

'अंदाजपत्रकाच्या सभेत विषय चौदा, म्हणजे बाजारातला दवाखाना पाडून तिथे पालिकेच्या गाड्या लावणे, मंजूर झाला होता. अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीसाठी जागा करताना तो आमच्या बातमीतून कापला गेला. पालिकेचे इतिवृत्त सभेवरून नव्हे, तर आमच्या बातमीवरून लिहिण्याची पद्धत असल्याने तो इतिवृत्तातही आला नाही. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

अध्यक्षांनी ते वाचलं. मग चष्मा लावून वाचलं. "हे तिसरं वाक्य काय आहे?"

 संपादकांना छतावर काहीतरी फार महत्त्वाचं दिसत होतं.

"सचिव, हे खरं आहे?"

"पद्धत आहे, साहेब," सचिव म्हणाले. "जुनी."

"म्हणजे मागचे सगळे ठराव पेपरावरून?"

"हो साहेब."

"बाजाराचे गाळे? रस्त्याचं कंत्राट?"

"हो."

अध्यक्ष पाणी प्यायले. "माझी निवड?"

"ती सभा जरा गोंधळाची होती," सचिव हळूच म्हणाले. "ज्येष्ठांनी छान दिली होती ती बातमी. त्यांनी नसती दिली तर अवघड होतं."

केबिनमध्ये शांतता पसरली. इतकी शांतता सभागृहात कधी असती तर सचिवांना ऐकू आलं असतं आणि यातलं काहीच घडलं नसतं.

"तिसरं वाक्य काढ," अध्यक्ष म्हणाले.

"मग ती दुरुस्ती राहणार नाही, साहेब. चौदावा का राहिला, ते सांगायला नको का? नुसतं 'नजरचुकीने' म्हटलं तर ते खोटं होईल. माझी नजर चुकली नव्हती."

 एक गोष्ट मला रात्री तळमळताना कळली होती. मावशी माझ्याकडे पूर्ण खोटं मागत होती आणि अध्यक्ष अर्धं खरं मागणार होते, आणि दोन्हींतलं काहीही देण्यापेक्षा सगळंच्या सगळं देऊन टाकणं मला सोपं होतं. त्याचं काय होईल ते मला माहीत नव्हतं. माहीत असल्याचा आव मी आज आणणार नाही.

अध्यक्षांनी कागदाची घडी घातली आणि संपादकांकडे दिली. "दुरुस्तीची तशी गरज नाही. विषय पुढच्या सभेत नव्याने आणू."

"बरोबर आहे," संपादक म्हणाले. कागद त्यांनी खिशात घातला, तिथून तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला, आणि अजून तिथेच आहे. मी विचारलं की ते म्हणतात, जागा मिळाली की टाकू.

मावशीला मी घरी जाऊन सांगितलं की मी 'झाला होता' म्हणाले. पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात मावशी भिंतीशी बोलायला लागली. "जेवण झाकून ठेवलंय. ज्यांना खरं खाऊन पोट भरत नसेल त्यांनी खावं." भिंत काही बोलायची नाही, मीही नाही. मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय असं तिचं म्हणणं तिने फोनवर माझ्या आईलाही ऐकवलं. आई मला म्हणाली, "ती रागावली आहे म्हणजे तिला लागलंय." ते मला दिसत होतंच. सकाळी ती माझ्या आधी निघायची, कारण बरोबर निघालो तर बसस्टॉपपर्यंत बोलावं लागलं असतं.

पुढची सभा आली. मी माझ्या बाकावर, खिळा चुकवून बसले. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की पंख्याचा वारा येत होता. चौकशी केली तर कळलं, पालिकेच्या अभियंत्याने कायम झालेलं इतिवृत्त वाचलं, त्यात पंख्याचा विषय 'सर्वानुमते मंजूर' दिसला, त्याने माणूस पाठवून पंखा दुरुस्त करून घेतला. माझ्या लेखणीने झालेलं ते पहिलं लोकोपयोगी काम. खिळ्याबद्दल मी लिहिलं नव्हतं, त्यामुळे तो होता तसाच होता.

दुसरी गोष्ट, सचिवांच्या हातात पेन होतं आणि ते चालू होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रेक्षकांच्या बाकांवर बायका होत्या. तिथे एरवी चौकीदाराची छत्री असते. आज बाजारातल्या बायका कडेवर आणि मांडीवर पोरं घेऊन दाटीने बसल्या होत्या, दारातही उभ्या होत्या, आणि मधोमध मावशी पांढऱ्या कपड्यांत. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर कळलं की पालिकेच्या फलकावरची विषयपत्रिका तिने वाचली होती, सकाळी लसीकरणाची रांग लागली होती आणि मावशीने सगळ्यांना सांगितलं, "टोचून झालं की कोणी घरी जायचं नाही. माझ्याबरोबर यायचं."

"विषय चार," सचिव म्हणाले.

अध्यक्षांनी सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्या सदस्यांनी बायकांकडे बघितलं, आपल्या वॉर्डातली बरीच मतं तिथे बसलेली त्यांना दिसली, आणि ते म्हणाले, "विषय वाचा."

सभागृह त्यांच्याकडे वळलं. विषय वाचायला सांगणं ही तिथे शिवी देण्याच्या खालोखालची गोष्ट होती.

"बाजार परिसरातील जुन्या इमारतीचा सुयोग्य पुनर्वापर," सचिवांनी वाचलं.

"जुनी इमारत म्हणजे कुठली?"

अध्यक्षांनी सदस्यांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि शेवटी पत्रकारांच्या बाकाकडे पाहिलं. मी लिहीत होते. एवढंच मी करू शकत होते आणि एवढंच मी केलं.

"दवाखाना," अध्यक्ष म्हणाले.

बायकांनी घोषणा वगैरे दिल्या नाहीत. नुकतीच टोचलेली पोरं मात्र रडायला लागली, एकाचं ऐकून दुसरं, दुसऱ्याचं ऐकून तिसरं, आणि ती गप्प होईनात. त्या रडण्यात 'मंजूर' म्हणायला जो घसा लागतो तो अध्यक्षांकडे नव्हता. म्हाताऱ्या सदस्यांनी विरोधात हात वर केला. मग ज्यांना एवढे दिवस गाड्या लावायला जागा हवी होती त्यांनीही केला, कारण मतं सगळ्यांनाच दिसतात.

"विषय तहकूब," अध्यक्ष म्हणाले.

तहकूब म्हणजे रद्द नव्हे. तहकूब म्हणजे पुढे कधीतरी, बायका घरी असतील आणि पोरं झोपली असतील अशा एखाद्या सभेत. हे मला माहीत होतं, तरी माझा ऊर भरून आला. मी मावशी दिसते का ते बघायला घाईने उठले आणि इतके महिने चुकवलेल्या त्या खिळ्याने माझा तळवा चांगला फाडला.

बाहेर जिन्यावर सचिवांनी मला गाठलं. हातातला कागद त्यांनी दाखवला. वर तारीख होती, खाली 'विषय एक' आणि पुढे नुसत्या रेघा. "सवय नाही हो," ते म्हणाले. "सकाळी येईल ना बातमी?"

"येईल," मी म्हणाले. "या वेळी दवाखाना पहिल्या परिच्छेदात आहे. खालून कापला तरी राहील." रुमालात गुंडाळलेल्या हाताकडे बघून मी म्हणाले, "आणि त्यात बाकाचा खिळापण आहे. तो नीट उतरवून घ्या."

मग मी बाजारात गेले. दवाखान्यासमोर रांग होती. मी रांगेत उभी राहिले, कारण मावशीच्या व्हरांड्यात सगळे राहतात. माझा नंबर आल्यावर तिने रुमाल सोडला, जखम मोरीवर धुतली, आणि कपाटातून धनुर्वाताचं इंजेक्शन काढलं. ती भिंतीशीसुद्धा बोलली नाही. मी बाही वर केली आणि लहानपणापासून ऐकलेल्या त्या वाक्याची वाट बघत डोळे मिटले.

मावशीने दंडावर कापूस फिरवला.

"दुखेल," ती म्हणाली.

आणि दुखलं.